हितंच

आमची बहुतेक भांडणं एकाच शब्दावरून व्हायची. मी आमच्या लोणावळ्याच्या एसटी स्टँडबाहेर ताटकळत उभी, आणि तो फोनवर सांगायचा, "हितंच आहे मी." असायचा वडगावात! तळेगावच्या कारखान्यात लागल्यापासून त्याचं बोलणं पुण्याच्या वळणाचं झालं होतं, आंदर मावळातला हा एक शब्द तेवढा जाता जात नव्हता. त्या शब्दापायी माझ्या वाढदिवसाचा आईस्क्रीमच्या केकचं पार पाणी झालं. मी चिडायचे, तो हसायचा, आणि तो हसला की माझं डोकं आणखी फिरायचं. मी वाट बघते याचं ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्याशी लग्न करून काय मिळणार, असा विचार मनात घर करू लागला.

भाद्रपदात त्याच्या आईने मला घरी बोलावलं. "फाट्यावर उतरलं की हितंच," तो म्हणाला. मी आपली नवी सँडल घालून निघाले. फाट्यावर डांबर संपलं आणि पायवाट काही संपेना. तो पुढे चालला होता, एकदाही मागे वळून न बघता. चढावर सँडलचा पट्टा तुटला, तशी मी दगडावर बसले आणि म्हणाले, "मी परत जाते. आपलं नाही जमायचं."

तो माघारी आला. चिडला नव्हता, नुसता गोंधळला होता. "अगं, पण खिंडीतून दिसतंय की!"

भांडण तरी पुरं करावं म्हणून सँडल हातात घेऊन मी खिंडीत गेले आणि भांडायचंच राहिलं. ढग वर उचलले होते. सगळा उतार सोनकीच्या फुलांनी पिवळाधमक, खाली पोटरीला आलेलं भात, त्यापुढे धरणाचं पाणी, आणि पाण्याच्या पार टोकाला चारदोन कौलं. "ते काय घर. हितंच," तो म्हणाला. तो थापा मारत नव्हताच. जे नजरेला दिसतं, ते त्याच्या लेखी जवळच होतं. एवढा मोठा मुलूख या माणसाने जन्मापासून अंगणासारखा वापरला, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. उरलेली वाट मी अनवाणी चालले.

आईने पाणी आणि गूळ पुढे ठेवला. मग अंगणातून दूरवरची निळी डोंगररांग दाखवली. "ह्यो म्हनला, पोरगी त्या डोंगरामागची हाय. रोज सांच्याला बगायची मी तिकडं. म्हनलं, दिसतंय की, हितलीच हाय."

माझा डोळ्यांवर ताबा राहिला नाही.

"मग, येतीस का गं हितं?" तिने विचारलं. तो गोठ्याकडे तोंड करून उभा होता.

"हितंच हाय की मी, आई," मी म्हणाले.

अख्ख्या वाटेत एकदाही आपणहून मागे न वळलेला तो, गर्रकन वळला.