माझ्या वेबसाइटवर आलेले पाहुणे

शाळेतला चित्रकलेचा मास्तर स्वतःची वेबसाइट काढतो म्हटल्यावर आदिलाबादकडच्या आमच्या बेला गावातले लोक गप्प बसतात काय? मी आपली चित्रं ठेवायला जागा केली, तर चित्रांआधी किस्सेच येऊन बसले! चहाला बसून एक सांगावा, तर दुसरा बाही ओढतो.

*

सुरुवात रंगापासून. चित्रांमागचं पान मला पांढरं हवं होतं, पण कागदासारखं नाही, कापसासारखं. म्हणून एका सकाळी लॅपटॉप घेऊन नामदेवभाऊंच्या बांधावर जाऊन बसलो. धुकं होतं. रान अजून झोपेतच होतं जसं काही.

"काऊन सर, मोजणीले आले काय?" नामदेवभाऊंनी विचारलं.

"नाही भाऊ, तुमच्या कापसाचा रंग पाहून राह्यलो."

तेही शेजारी टेकले. बराच वेळ आम्ही दोघं नुसते पाहत बसलो. मग उठून गमछा झटकत म्हणाले, "न्या ना सर! रंगाले कोन नाही म्हन्ते? कापूस तेवढा ठेवा!"

*

आमच्या हेडमास्तरीणबाई तेलुगू. त्यांच्या भाषेत चित्रम् म्हणजे सिनेमाही. साइटचं 'माझी चित्रं' हे नाव वाचून स्टाफरूममध्ये आल्या. "सर, तुमचं चित्रम् आलं म्हणे! हिरो कोण?"

"बैल आहे, मॅडम."

लॅपटॉप पुढे केला. पळसाखाली बसलेला बैल, डोळे अर्धे मिटलेले. बाई पाहतच राहिल्या. इतक्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली.

त्या हळूच म्हणाल्या, "सर, इंटरवल नको!"

*

गणिताचे गजानन सर मोबाइलवर साइट पाहायचे. नेटवर्क असं, की चित्र वरून खाली दोरीसारखं उतरायचं. एकदा ते सगळी सुट्टी लिंबाखाली मोबाइल धरून बसले. संध्याकाळचं निळं-केशरी आभाळ तेवढं उतरलं आणि तास सुरू झाला.

"सर, आभाळ मस्त काढलं हो! खाली काय हाय?"

"गाव आहे. घरं, बैलगाड्या..."

"अरे!" त्यांचा चेहराच पडला. "काऊन सांगितलं? मी खाली अजून आभाळच धरून चाललो होतो!"

*

गुडीहत्नूरकडून हायवेवरच्या एका धाबेवाल्याचा निरोप आला. साइट पाहिली म्हणे, भिंतीवर समुद्र काढून द्या.

ब्रश घेऊन गेलो. म्हटलं, "समुद्र कसा पाहिजे? तुम्ही पाहिलाय ना?"

"नाही जी. तुमी?"

"मीही नाही!"

"मंग जमते!" तो खूश. "भांडनच नाही!"

आता ट्रकवाले भिंतीकडे तोंड करून जेवतात. पलीकडे कापसाची पऱ्हाटी आहे, हे विसरून.

*

आणि दिगंबरकाका. बँकेतून रिटायर झालेले, आदिलाबादला एकटेच राहतात. पत्नी गेली, मुलंबाळं नाहीत. साइटवरचं एक चित्र पाहून ते थेट बसने बेल्याला आले. सागाच्या रानात एक कौलारू घर, निळं दार, तिन्हीसांज. ते घर मी मनानेच काढलं होतं.

काका मूळ चित्रासमोर उभे राहिले. "हे आमचं क्वार्टर. वडील जंगल खात्यात होते, इंद्रवेल्लीकडं. पाडलं ते कवाच."

"काका, मी तिकडे कधी गेलोच नाही हो."

त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. बोट खिडकीजवळ नेलं, टेकवलं नाही. "इथं दिवा नाही लावला तुमी."

"आत कोणी नाही, म्हणून नाही लावला."

"हाय ना. माय हाय. या वेळेले चुलीपाशी रायते."

मी त्यांच्यासमोरच बारीक ब्रश घेतला आणि खिडकीत पिवळ्याचा एक ठिपका ठेवला. काकांनी माझा हात तेवढा दोन्ही हातांत धरला आणि ते बससाठी निघाले.

दुसऱ्या दिवशी चित्राचा नवा फोटो साइटवर टाकला आणि काकांना कळवलं. दिवेलागणीला त्यांचा फोन आला.

"दिसला सर! दिवा दिसला!" आवाज एखाद्या पोरासारखा. मग जरा थांबले, कानोसा घेतल्यासारखे. "बरं, ठेवतो. माय जेवाले हाक मारून राह्यली."