उर्वशीच्या लाइनीतली खरखर

बोरी अरबच्या बाजारगल्लीत टिनाच्या छपराचं एक घर आहे. तिथं उर्वशी मुनेश्वर राहते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. यवतमाळला कर्णबधिरांच्या शाळेत ती हातांनी बोलायला शिकली आणि शिवणयंत्रावरही तिथंच बसली. लग्न होऊन बोरीला आली ती यंत्र सोबत घेऊनच. सासू कांताबाईंनी सुनेची भाषा आपल्या पद्धतीनं उचलली. निम्मी हातांची, निम्मी ओठांची, आणि राग आला की नुसती डोळ्यांची.

कापसानं सगळ्या मुलखाची दशा केली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. उर्वशीचा नवरा इंद्रजित कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता. दसरा उलटला तरी कापसाच्या गाड्या येईनात, तेव्हा तो रिकाम्या काट्याजवळ बसून संध्याकाळी घरी यायचा. गल्लीत कोणी नवं कापड शिवायला टाकत नव्हतं. पण उर्वशीला त्याआधीच एक काम मिळालं होतं. तिची शाळेतली मैत्रीण दीपा नागपुरात कर्णबधिर मुलींच्या एका संस्थेत होती. ती म्हणाली, "आमच्या मुलींना शिवण शिकव. इंटरनेटवरून." इंद्रजितनं घरच्या फोनवर ब्रॉडबँड घेतलं, एक जुना लॅपटॉप आणला आणि दर बुधवारी दुपारी उर्वशीचा वर्ग सुरू झाला. तिकडे मोठ्या पडद्यासमोर मुली बसायच्या. इकडे घरात, यंत्राशेजारी, उर्वशी हातांनी शिकवायची.

पावसाळाभर वर्ग झकास चालला. मग दसऱ्यानंतर चित्र तुटायला लागलं.

तुमचं-आमचं बोलणं असतं तर चित्र अडकलं तरी आवाजावर भागलं असतं. पण उर्वशीचं बोलणंच चित्रात होतं. हात वर गेलेला दिसे, खाली आलेला दिसत नसे. मधला शब्द गळून जाई. एका बुधवारी तिनं सांगितलं, "इथं कापायचं नाही." शेवटची हालचाल तुटली. तिकडे एका मुलीनं "इथं कापायचं" एवढंच पाहिलं आणि नव्या ब्लाउजची बाही सरळ कापून टाकली. ती मुलगी पडद्यावर रडताना दिसली, तेही तुकड्यातुकड्यांत. त्या दिवशी उर्वशी जेवली नाही.

दोन दिवसांनी दीपाचा निरोप आला. संस्थेच्या बाई म्हणत होत्या, पुढच्या बुधवारीही असंच झालं तर नागपुरातलीच कोणी शिक्षिका पाहू.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेलिफोनचे लाइनमन रामराव येऊन गेले. फोन उचलून त्यांनी कानाला लावला. "टोन तं खणखणीत हाये, मावशी," ते कांताबाईंना म्हणाले.

उर्वशीनं पाटीवर लिहिलं, "तुम्ही फोन ऐकता. मी चित्र पाहते. चित्र तुटतं."

रामरावांनी ते वाचलं, मान डोलावली आणि लॅपटॉपवर मोडेमचं एक पान उघडून दिलं. तिथं 'एरर' असं लिहून पुढं एक आकडा होता. त्यांनी पाटीवर खाली लिहिलं, "लाइनीतून येताना जे तुकडे खराब होतात, ते इथं मोजले जातात. आता आकडा थांबून आहे. वाढला तर बोलवा." आणि कांताबाईंना म्हणाले, "पोरगी हुशार हाये. आकड्यावर ध्यान ठेवीन थे."

उर्वशी त्या आकड्यासमोर ठाण मांडून बसली. सकाळभर तो हलला नाही. दुपारी ऊन चढलं आणि तो पळायला लागला. तिनं फोनची जोडणी काढून मोडेमची वायर थेट भिंतीतल्या डबीत लावली. आकडा तरीही पळत होता. म्हणजे घरातल्या फोनचा, वायरचा दोष नव्हता. दोष बाहेरून येत असणार, आणि तोही दुपारचाच.

दुपारी गल्लीत काय चालतं? बाबूसिंगची पिठाची चक्की. उर्वशीनं चक्कीकडे बोट दाखवायचा अवकाश, कांताबाई पदर खोचून निघाल्याच.

"बाबूसिंग, तुयी मोटर माया सुनेचं शिकवणं बिघडून राह्यली!"

"माया चक्कीनं काय केलं माय?" पीठ माखलेला बाबूसिंग बाहेर येऊन म्हणाला. "काहून भांडून राह्यल्या? म्या तं दळण दळतो."

भांडण रंगलं. पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी लोडशेडिंग झालं. सगळ्या गल्लीची लाइट गेली, चक्की बंद पडली. उर्वशीचं मोडेम इन्व्हर्टरवर होतं. तिनं पाहिलं, तर आकडा आपला पळतोच आहे. तिनं सासूला पडद्याजवळ नेलं, आधी आकडा दाखवला, मग बंद चक्की दाखवली. थोड्या वेळानं कांताबाई वाटीभर चिवडा पदराखाली झाकून चक्कीकडे गेल्या आणि "खाय बापा," एवढंच बोलून परत आल्या.

मंगळवारची दुपार. उद्या वर्ग. कांताबाई खाटेवर लवंडल्या होत्या आणि उर्वशी आकड्याकडे पाहत होती. मध्येच कांताबाई झोपेत दचकल्या. त्याच क्षणी आकड्यानं उडी मारली. उर्वशीला वाटलं, योगायोग. थोड्या वेळानं त्या पुन्हा दचकल्या, आकडा पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा उर्वशी ताडकन उठली. तिनं सासूला हलवून उठवलं आणि हातांनी विचारलं, "दचकता कशानं?"

"थे टिन नाई का!" कांताबाईंनी वर बोट केलं आणि दोन्ही हातांनी काहीतरी फुटल्यासारखं करून दाखवलं. "तापलं का कडाड वाजते. सुखानं झोपू देत नाई."

टिन तापलं की वाजतं, हे उर्वशीला इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं कारणही पडलं नव्हतं. वाजतं म्हणजे हलतं, हे मात्र तिला लगेच कळलं. ती अंगणात धावली. खांबावरून येणारी फोनची वायर टिनाच्या काठाला ताणून बांधलेली होती, आणि तिथंच काळ्या पट्टीत गुंडाळलेला एक जोड होता. टिन उन्हानं पसरलं की जोड ओढला जात होता.

तिनं फोनची जोडणी पुन्हा बसवली, सासूच्या हाती फोन दिला, लॅपटॉप दारात ठेवला आणि कपडे वाळत घालायच्या काठीनं तो जोड हळूच ढकलला.

"खरखर!" कांताबाई ओरडल्या, आणि आठवण होऊन मोकळा हात जोरजोरात हलवू लागल्या. "लई खरखर करून राह्यला!" आकडाही उड्या मारत होता. उर्वशीनं काठी काढली. सासूचा हात थांबला. पुन्हा ढकललं, पुन्हा हात हलला. दोघी अंगणात उभ्या राहून हसायला लागल्या. बाबूसिंग चक्कीच्या दारातून पाहतच राहिला.

उर्वशीचा मेसेज मिळताच इंद्रजितनं जिनिंगमधून फोन केला आणि रामराव ऊन उतरायच्या आधीच आले. शिडी लावून त्यांनी पट्टी सोडली. आतलं तांबं हिरवं पडून भुगा झालं होतं. "सकाळी येतो मी, तवा टिन थंड राह्यते. तवा हे चिपकून राहत असंन. मले कसं सापडंन?" ते खुशीत म्हणाले. खांबापासून भिंतीपर्यंत त्यांनी नवी वायर आणली, मध्ये एकही जोड नाही, आणि टिनापासून लांब, जरा सैल सोडली. उर्वशी आकडा पाहत होती. टिन अजून तापलेलंच होतं, ते कडाडलं की कांताबाईंच्या कपाळावर आठी उमटत होती, पण आकडा जागचा हलला नाही. तिनं रामरावांना दोन्ही हात जोडले. रामरावांनी तिच्या खुणांच्या बोलण्याची नक्कल करत दोन्ही हात हवेत हलवले.

बुधवारी दुपारी पडदा उजळला. नागपूरच्या संस्थेच्या बाई स्वतः मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. उर्वशीनं बाही घेतली. नेमकी तीच, अवघड. कुठं दुमडायचं, कुठं खूण करायची, कुठं कात्री थांबवायची. तिचे हात आज कोणासाठी थांबत नव्हते. ज्या मुलीची बाही वाया गेली होती, तिनं मध्येच भराभर एक प्रश्न विचारला. उर्वशीला तो पहिल्याच वेळी अख्खाच्या अख्खा दिसला. मग तिनं उत्तर दिलं. मुलीनं कात्री चालवली, दोन्ही बाह्या वर धरल्या. सारख्या!

सगळ्या मुलींनी हात वर करून पंजे हलवले. त्यांच्या टाळ्या तशाच असतात. संस्थेच्या बाईंनीही हात वर केले आणि दीपानं त्यांच्या वतीनं सांगितलं, "दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा घेशील का?"

कांताबाईंना राहवलं नाही. त्या सुनेच्या शेजारी येऊन पडद्यापुढं उभ्या राहिल्या. "कायले विचारता? घेईन थे!" त्या तोंडानं म्हणाल्या आणि मग हातांनीही, आपल्या मोडक्यातोडक्या खुणांनी. नागपूरच्या मुलींना त्या खुणा कळल्या की नाही कोण जाणे. पण सगळ्या वर्गाचे पंजे पुन्हा एकदा वर गेले, आणि उर्वशीनं शिवणयंत्राशेजारी उभं राहून ते एकूणएक डोळे भरून पाहिले.