विहीणबाईंची साडी आणि फुकटचं लिनक्स

"अहो साहेब, थांबवा! थांबवा ते! आत काहीतरी जळतंय!"

कल्याणच्या जुन्या बाजारातला साडीवाला शेठ पांढऱ्याशुभ्र गादीवर उभा राहून ओरडत होता. एका हातात अर्धी उलगडलेली साडी, दुसरा हात माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं खालून वर धावत होती. धावत कसली, उधळली होती. त्यांच्या वाऱ्यानं दोरीवर टांगलेल्या ओढण्या हलायला लागल्या होत्या, हे मी आजही कुठल्याही देवळात जाऊन शपथेवर सांगेन.

"शेठ, काही जळत नाहीये. मशीन स्वतःला तपासतंय."

"आमच्याकडे गिऱ्हाईक माल तपासतं. माल स्वतःला तपासत नाही!"

साडीच्या दुकानात लॅपटॉप कुठून आले, हे सांगायला हवं. नव्वदीची अखेर होती. शेठच्या मुलाला संगणकाचं वेड लागलं होतं. दुबईहून येणारे वापरलेले लॅपटॉप आणून त्यानं परकरांच्या कपाटाच्या वरच्या फळ्यांवर मांडले होते. त्या दिवशी तो नेमका शहाडला एका गिऱ्हाइकाकडे गेलेला. मग शेठनं लॅपटॉप आपल्याला येत होती त्या एकाच पद्धतीनं विकायला घेतले. चपला बाहेर काढायला लावल्या, चहा सांगितला आणि एकेक पीस गादीवर टाकू लागला. "हा बघा, फिका रंग, तुम्हाला खुलेल. हात लावून पोत बघा. हा कालच आलाय, यात दुसरा मिळणार नाही."

मला रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. माझ्या खिशात एक फ्लॉपी होती आणि पिशवीत एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी. तिच्यात लिनक्स होतं. जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेली, संगणक चालवणारी सिस्टीम; कुणीही घ्या, कुणीही वापरा, दमडी नको. पण तिची एक खोड होती. टेबलावरच्या संगणकावर ती निमूट नांदायची, लॅपटॉप दिसला की रुसायची. कुठे पडदा लागायचा नाही, कुठे कीबोर्ड. त्यामुळे घेण्याआधी प्रत्येक लॅपटॉपमध्ये फ्लॉपी घालून बघायचं, दुसरा इलाज नाही.

"फुकटच्या सीडीसाठी लॅपटॉप घ्यायचा," बायको घरून निघतानाच म्हणाली होती, "म्हणजे फुकटच्या बटणासाठी शर्ट शिवायचा."

ती आलेली वेगळ्याच कामाला. संध्याकाळी पाचला ठाण्यात, तिच्या माहेरी, तिच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता आणि नवऱ्या मुलाच्या आईला द्यायची मानाची साडी आम्ही न्यायची होती. सासूबाईंचा विश्वास याच एका दुकानावर. तीस वर्षांचं नातं, त्यांचा फोन नंबर शेठच्या टेलिफोनशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेला. सासूबाईंनी बजावलं होतं, "मोरपंखी रंग, काठ बारीक. आणि पाचच्या आत. ओटी भरताना साडी नसली तर विहीणबाई माझ्या मुलीला जन्मभर ऐकवतील." मग आवाज खाली आणून बायकोला म्हणाल्या होत्या, "आणि जावईबापूंना नेऊ नकोस." मी शेजारच्याच खोलीत होतो. मी गेलो.

बायका साडी घ्यायला किती वेळ लावतात यावर माझे काही खास विनोद होते. मित्रांत गाजलेले. त्या दिवशी बायकोनं तिसरी साडी उचलली, दारातल्या उजेडात धरली, म्हणाली, "हीच." चहा अजून यायचा होता.

"तुमचं किती वेळ?"

"पाच मिनिटं."

पहिल्या लॅपटॉपनं फ्लॉपी गिळली आणि तो जो काळा पडला तो पडलाच. दुसऱ्यावर सगळं दिसलं, पण कीबोर्ड मुका. एक तर असा, की फ्लॉपी बघूनच त्यानं घुबडासारखा आवाज काढला आणि मान टाकली. मान म्हणजे बिजागरी, ती आधीचीच मोडकी होती. बायको साडीचं खोकं मांडीवर घेऊन बसली होती. दर थोड्या वेळानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची, मग माझ्याकडे. घड्याळाकडे जरा प्रेमानं बघायची.

त्यानंतरचा लॅपटॉप तो उधळलेला. रेकॉर्ड अडकावी तशी एकच ओळ पुन्हा पुन्हा वर सरकत होती. मी फ्लॉपी काढली, तरी थांबेना. बटण दाबलं, थांबेना. शेठनं वायर उपटली, तर आतली बॅटरी शाबूत.

"मुलाला काय सांगू मी? चांगला माल होता, तुम्ही बाधा घातलीत!"

"बॅटरी संपली की आपोआप शांत होईल, शेठ."

शेठनं वरची फळी ओढली, एक गुलाबी परकर काढला आणि पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसा त्या लॅपटॉपवर टाकला. मग घाम पुसत म्हणाला, "आता हा शेवटचा. याच्यापुढे घडी मोडू देणार नाही."

शेवटचा म्हणजे पाटाच होता, वरवंट्यासकट. काळा, जाड, कोपरा उडालेला. त्यानं फ्लॉपी घेतली, सीडी घेतली, जरा कुरकुरला, अक्षरं शिस्तीत वर गेली आणि थांबली. पडद्यावर फक्त एक लुकलुकणारी रेघ.

"आता काय झालं?" बायकोनं विचारलं.

"चाललं! आता तो माझं नाव विचारतोय."

"मग सांगा आणि उठा. चार वाजून गेलेत."

शेठनं लॅपटॉप पातळ कागदात गुंडाळला, साडीच्या खोक्यात बसवला आणि सवयीनं वर एक ब्लाउजपीस ठेवला. लॅपटॉपवर ब्लाउजपीस मिळालेला मी अख्ख्या महाराष्ट्रातला एकमेव माणूस असेन.

तुम्हाला वाटेल, आता खोकी बदलणार. नाही बदलली. माझ्या बायकोला तुम्ही ओळखत नाही. तिनं साडी उराशी धरली ती ठाण्याच्या जिन्यापर्यंत सोडली नाही, आणि मला माझ्या खोक्यासकट हातभर लांब चालायला लावलं.

पोचलो तेव्हा पाच कधीच वाजून गेलेले. विहीणबाई पाटावर बसल्या होत्या, सासूबाई तांदळाचं तबक हातात घेऊन उभ्या, तोंडानं इकडचंतिकडचं बोलत वेळ काढत होत्या. बायको वाऱ्यासारखी आत घुसली आणि साडी तबकात ठेवली. विहीणबाईंनी काठावरून बोट फिरवलं, म्हणाल्या, "अगं बाई, माझाच रंग!" सासूबाईंनी सोडलेला श्वास पार तलावपाळीपर्यंत ऐकू गेला असेल.

आता सगळे माझ्याकडे वळले. नवऱ्या मुलाच्या काकांनी विचारलंच, "काय, उशीर झाला?"

मग मीही मागे हटलो नाही. ठाकुर्लीच्या रेल्वे फाटकात लोकलसमोर म्हैस अडकली, सांगितलं. साधी म्हैस नव्हे, डब्याएवढी. गार्डला मारायला धावली, मोटरमन दार लावून आत बसला. शेवटी बायकोच्या हातातल्या मोरपंखी साडीचा जरासा काठ मीच तिला लांबून दाखवला, तेव्हा ती भुलून बाजूला झाली. काकांचं तोंड उघडंच राहिलं. विहीणबाई साडीकडे नव्या कौतुकानं बघू लागल्या. बायकोनं मला कोपरानं ढोसलं, पण मी तोवर म्हशीच्या मालकापर्यंत पोचलो होतो.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "शेठजींचा फोन आलेला. परकराखाली अक्षरं अजून धावतायत म्हणाले."