मारिसोलच्या आजीचं अभिनंदन

चहा आधी संपवा, मग सांगते. ऐकल्यावर तो घशाखाली उतरायचा नाही! माणसाने मूर्खपणा करावा, पण तो सातासमुद्रापार जाऊन करावा? आणि तोही एका एकट्या पोरीशी?

मांडव्याला बोटीने उतरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी आमच्या घरामागे खोल्या आहेत, ठाऊक आहे ना? तिथे एक परदेशी बाई राहून गेली. होंडुरासमधल्या कुठल्याशा डोंगरातल्या खेड्यात ती शिकवायची. निघताना तिने एका मुलीचा फोटो दाखवला. मारिसोल. आई-बाप कामासाठी अमेरिकेत गेलेले, पोर आजीजवळ, शाळा सुटायच्या बेतात. आम्हाला मूलबाळ नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. झालं! तिच्या शाळेचा खर्च आम्ही उचलला.

शेजारच्या यमुनाकाकूंना ते काही पटेना. "होंडा? गाड्या करतात तिकडं? आन आपल्या हितल्या तळ्या-पाली गावच्या पोरांनी काय घोडं मारलंय गं?"

"काही नाही मारलं काकू. पण डोळ्यांसमोर ही आली ना!"

मारिसोल तिच्या मास्तरांच्या फोनवरून स्पॅनिशमध्ये निरोप पाठवायची. आमच्या फोनमधलं अ‍ॅप त्याचं मराठी करायचं. शाळेत अमुक शिकले, आजीने तमुक रांधलं. वाचून आम्ही दोघं दिवसभर फुगलेले!

एका सकाळी निरोप आला : 'माझी आजी रविवारी अधिक चांगल्या जीवनात गेली. मी आता मावशीकडे आहे.'

हे टाळी वाजवून ओरडले, "अगं, लेकीने म्हातारीला अमेरिकेला बोलावून घेतलं! व्हिसा मिळाला!"

"पोरीला मागे टाकून?"

"एकेकाचे कागद होतात अगं. हिचेही होतील."

आता मला सांगा, नवरा इतक्या खात्रीने बोलत असेल तर बायकोने शंका काढावी की नाही? मी नाही काढली. मी जिलबी मागवली!

मग व्हिडिओ. यमुनाकाकू ठेवणीतली साडी नेसून आल्या. जिलबी तोंडात कोंबत म्हणाल्या, "सुटली गं बाय म्हातारी! लई कष्ट काढले व्हते तिनं!" मी म्हटलं, "आजीचं खूप खूप अभिनंदन!" आणि आमचे हे, कॅमेऱ्यात नाक खुपसून, "रडू नकोस हां बाळ. तुझाही नंबर लवकरच लागेल!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अ‍ॅपकडून प्रत्येक वाक्याचं स्पॅनिश करून घेतलं नि दिलं पाठवून.

उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मास्तरांचा फोन आला, मोडक्या इंग्रजीत. "मॅडम, ग्रँडमदर डेड."

त्यांच्याकडे म्हणे 'मेली' असं तोंडावर म्हणत नाहीत. चांगल्या जीवनात गेली, म्हणतात. आपण तरी काय म्हणतो? देवाज्ञा झाली! पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मी ओट्याला धरून उभी होते आणि तव्यावर भाकरी करपत होती. हे अंगणात जाऊन बसले ते जेवायला आलेच नाहीत.

काकूंनी हळूच विचारलं, "मी खात व्हते, ते पन गेलं काय गं?"

"गेलं काकू. सगळ्यात आधी तेच दिसतं."

मास्तरांनी मात्र आम्हाला झाकून घेतलं होतं. "नंबराचं वाक्य मी तिला वाचून दाखवलंच नाही. बाकीचं पाहिलं तिने. मी म्हणालो, भारतात म्हातारं माणूस गेलं की गोड वाटतात, कारण ते देवाघरी जातं. तेव्हा कुठे ती जेवली. आता खरं सांगू नका, प्लीज."

म्हणजे माफी मागायचीही सोय राहिली नाही!

पुढच्या सकाळी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती. एवढंसं तोंड, सुजलेले डोळे. ती बोलायची, अ‍ॅप लिहायचं, आम्ही वाचायचो.

"कशी आहेस?"

"आजीची कोंबडी अजून तिच्या खाटेखालीच अंडं घालते. मी रोज आणायला जाते."

हे चष्मा पुसत बसले. मग तीच म्हणाली, "इथे सगळे नुसते रडले. आनंद फक्त तुम्हालाच झाला."

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं!

"तुम्हाला मुलं आहेत?" तिने विचारलं.

"नाहीत."

आम्ही गेल्यावर आमचं कोण करणार, हे आम्ही दोघांनी कधी एकमेकांपाशीही काढलं नव्हतं. मग स्क्रीनवर अक्षरं उमटली :

'काळजी करू नका. तुम्ही मेलात की मी सगळ्या गावाला मिठाई वाटेन. टाळ्यासुद्धा वाजवेन.'

किती मनापासून बघत होती हो पोरगी! यांनी मला कोपराने ढोसलं, "बोल काहीतरी!"

मी हात जोडले आणि म्हटलं, "ग्रासियास, बाळा. फार उपकार झाले."