शेवटचा घास म्हाताऱ्याचा

भूतखेत, अंगात येणं, मेलेल्या माणसाचा निरोप — मी यातलं काही मानत नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी "काका, तुम्ही दुःखात आहात, असे भास होतात" असं शहाणपण शिकवायला येऊ नका. मला भास झालेला नाही. मी जन्मभर शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात डेंटर होतो. गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, हे काम. पत्रा बघून सांगायचो, ही खांबाला लागलीय की दुसऱ्या गाडीला. मार लागल्याशिवाय पत्रा चेपत नाही, एवढंच माझं शिक्षण. शाळा चौथी, तीही वसईत, निम्मी पळून काढलेली. तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नका.

माझी बायको फिलोमिना. फिलू. मागच्या उन्हाळ्यात गेली. पोटाचा आजार, उशिरा कळला. "देवाला आवडली" असं फादर म्हणाले. मी तोंडावर विचारलं, देवाकडं माणसं कमी पडली होती का. 

आम्ही शारजात मुलाच्या फ्लॅटवर राहतो. मुलगा रॉबर्ट, सून, नात एलिना. फिलू घरी बिल्डिंगमधल्या नोकरीवाल्यांची पोरं सांभाळायची. आईबाप सकाळी दुबईच्या ट्रॅफिकला निघाले की पोरं आमच्याकडं. ईद आली की हे लोक जॉर्जियाला जाणार. विमानानं जवळ, व्हिसाची कटकट नाही, म्हणून बघावं तो तिथंच. डोंगर, बर्फ, जुने किल्ले, जुनी चर्च. आणि येताना फिलूला काय, तर फ्रिजला चिकटवायचं मॅग्नेट. वर्षभर तुमची पोरं तिनं धुतली-पुसली, आणि तिला मॅग्नेट. फ्रिजचं दार भरलं होतं.

मी म्हणायचो, "फेक तो कचरा."

"राहू द्या हो. पोरं जेवतात त्याच्यावर."

ते मात्र खरं. एका मॅग्नेटवर अनानुरी नावाचा किल्ला होता. खाली पाणी, मागं डोंगर, टोकदार टोपीचं चर्च. फिलू पोरांना फ्रिजसमोर बसवायची आणि भरवायची. "हा घास पुलाचा. हा घास भिंतीवरच्या द्राक्षाच्या वेलीचा. हा घास तोंड पुसलेल्या संताचा, त्याला खाता येत नाही, त्याचा तू खा. हा घास बुटक्या दाराचा, मान खाली घाला. हा घास तुटक्या पायरीचा, भिंतीला धरा." आणि मग, "शेवटचा घास म्हाताऱ्याचा. तो वर दगडावर बसलाय, सगळ्या जगावर रागावलाय. काळ्या कपड्यातली बाई येते, त्याला अर्धं सफरचंद देते, अर्धं स्वतः खाते. मग तो खाली उतरतो."

एलिना दर वेळी विचारायची, "व्हाय हाफ?"

"त्याला एकट्यानं खायची सवय नाही गं. पूर्ण दिलं तर तसंच ठेवून देईल."

"अँड व्हेअर आर यू, आजी?"

"मी नाही तिथं. मी इथं तुला भरवते ना. आ कर."

रोज हेच. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर पोरं ओरडायची. मी बाजूला चहा पीत बसलेला असायचो. आता नीट ऐका — फिलू जॉर्जियाला कधी गेली नाही. वसई, शारजा आणि एकदा वेलंकणी. खलास. एवढंच तिचं जग.

तिला वसईला नेऊन पुरलं. मला तिथंच राहायचं होतं. रॉबर्टनं ऐकलं नाही, परत शारजात आणलं. मी ताट घेऊन गॅलरीत जायचो, समोर ठेवायचो आणि तसंच परत आणायचो. पँट राहीना म्हणून पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं. सून ते ताट झाकून ठेवायची.

आणि ईदला हा म्हणतो, जॉर्जियाची तिकिटं काढलीत.

"आई मेली, आणि तू फिरायला निघालास?"

"डॅडी, ममीनंच सांगितलं होतं. हॉस्पिटलमध्ये. डॅडींना त्या किल्ल्यावर ने म्हणाली."

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

नाहीच म्हणालो असतो.

गेलो. चांगला असेल तो देश. डोंगर असे की मान दुखते, हवा थंड, रस्त्यात गायी बसलेल्या, ड्रायव्हर त्यांना हॉर्नसुद्धा देत नाही. मी गाडीत सगळ्याकडं पाठ करून बसलो. पुलावर उतरलो तर रॉबर्ट फोन काढून म्हणतो, "डॅडी, स्माईल."

माझं डोकं फिरलं. "परत गेलो की माझा व्हिसा कॅन्सल कर. मी वसईला जातो, फिलूजवळ."

"आणि जेवणार काय? तिथे मरायला जायचंय का तुम्हाला?"

"हो."

आजूबाजूचे टुरिस्ट बघायला लागले. सून तोंड फिरवून पाण्याकडं बघत राहिली. मी तरातरा किल्ल्याकडं निघालो. एलिना मागून पळत आली आणि माझं बोट धरलं. तिला काय बोलणार...

चर्चच्या भिंतीवर दगडात कोरलेली द्राक्षाची वेल होती. ठीक, ती फोटोत दिसते. आत भिंतीवर जुनी चित्रं, एका संताचं तोंड पार पुसलेलं. एलिना म्हणाली, "ही कान्ट ईट." मी म्हटलं, कुणी मोबाईलवर दाखवलं असेल फिलूला. मग आम्ही बुरुजाला आलो. दार माझ्या छातीएवढं. "हेड डाऊन, आजा." आत अंधार, दगडी पायऱ्या. आणि पोरगी मला थांबवून म्हणते, "नाऊ द ब्रोकन स्टेप. होल्ड द वॉल."

अजून काही दिसत नव्हतं. मी पायानं चाचपलं. पुढची पायरी निम्मी नव्हतीच.

एवढ्यात रॉबर्ट हाका मारत आला. एलिनाला त्याच्या हातात दिलं आणि त्याचं तोंड बघायचं नव्हतं म्हणून एकटाच वर चढलो. वर एक मोठा दगड होता, त्याच्यावर बसलो. मला सगळ्यांचा राग आला होता. डॉक्टरचा, फादरचा, मॅग्नेटवाल्यांचा, पोराचा. फिलूचा सगळ्यात जास्त. आधी मी जायचं, असं आमचं ठरलं होतं.

एक बाई वर आली. तिथलीच कुणी गावातली, वयस्कर, डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे. ती भूत नव्हती, उगाच मसाला लावू नका. तिला दम लागला होता, हाताला मातीचा वास येत होता. ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मी हिंदीत म्हटलं, "मेरे को छोड दो." ती माझ्या शेजारी टेकली. ॲप्रनच्या खिशातून सफरचंद काढलं, चाकूनं कापलं, अर्धं माझ्या हातात ठेवलं आणि अर्धं स्वतः खायला लागली. मी नुसता धरून बसलो तर तिनं कोपरानं मला ढोसलं. खा म्हणून.

खाल्लं. आंबट होतं. फिलू गेल्यापासून कुणाच्या शेजारी बसून मी तेवढंच खाल्लं.

बी थुंकली आणि मग डोक्यात आलं. काळ्या कपड्यातली बाई. अर्धं सफरचंद. मग तो रागावलेला म्हातारा कुठंय, म्हणून मी मागं वळून बघितलं. 

मागं कुणी नव्हतं.

खाली रॉबर्ट उभा होता, रडून डोळे लाल झालेला. एलिनानं विचारलं, "डिड ही ईट?" मला नाही विचारलं... बापाला विचारलं. जसं काही वर दुसराच कुणी होता.

आता रॉबर्ट म्हणतो, ममीनं यूट्यूबवर बघितलं असेल. मी त्याला बसवून सगळे व्हिडिओ शोधायला लावले. ती पायरी एकातही नाही. आणि ती बाई? ती काय व्हिडिओ बघून वर आली? फादर म्हणतात कृपा. बिल्डिंगवाले म्हणतात योगायोग. मी पत्र्याचा माणूस. मार लागलाय हे मला दिसतंय, कुठून लागला ते दिसत नाही. आणि ज्यांना मारच दिसत नाही त्यांनी मला समजावू नये.

व्हिसा कॅन्सल केला नाही. जेवायला आता टेबलावर बसतो. एलिना आपलं सफरचंद अर्धं करून माझ्या ताटात टाकते, मी खातो. मॅग्नेट फ्रिजवर आहे.

राग गेला नाही. दार, पायरी, बाई, सगळं फिलूला आधीच माहीत होतं, आणि मी तिथं एकटा बसलेला असणार हेही. पोरं रोज विचारायची, आजी तू कुठं आहेस. ती रोज खरं सांगायची, मी नाही तिथं. पोरांना सांगितलंस, फिलू. मी हातभर अंतरावर चहा पीत बसलो होतो.