सड्यावरची जीप आणि होडीचं इंजिन

बायकोला मी फारशी वचनं दिली नाहीत. एक दिलं, तेही मोटारीच्या भरवशावर.

तिचं माहेर पूर्णगडला, अगदी खाडीकाठी. पडवीत बसलं की होड्या येताना दिसतात आणि कुणाला काय मासळी लागली ते बसल्या जागी कळतं. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. निवृत्ती जवळ आली तेव्हा मला वर सड्यावर घर बांधायची हौस आली. डोंगरमाथ्याचा मोकळा कातळ, वारा, चार हापूसची कलमं. तिला खाली भावाच्या शेजारी राहायचं होतं. "वर मानूस दिसाचा नाय," ती म्हणाली. मी म्हणालो, तू म्हणशील तेव्हा तुला खाली नेईन. तो शब्द खरा करायला मी एक जुनी पेट्रोलची जीप घेतली.

सड्यावर यायला दोन वाटा. एक पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्या. दुसरी गाडीवाट, तीही म्हणण्यापुरती. लाल माती, सुटे दगड आणि मध्ये असं एक वळण की रिक्षावाले खालूनच हात जोडतात. जीप मात्र चारी चाकांनी कण्हत-कुंथत चढायची. दहा वर्षं तिने माझा शब्द सांभाळला. मग एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. बायकोचे दोन्ही गुडघे गेले, आणि गणपतीचं सामान घेऊन चढताना त्याच वळणावर जीपचं इंजिन धूर ओकू लागलं आणि अंगणात पोचताच जाम झालं.

बायको वर अडकली. भाड्याची एक पिकअप आणून पाहिली, ती वळणावर धूळ उडवत मागे घसरली. वाडीतल्या चौघांनी तिला खुर्चीत बसवून पाखाडीने न्यायची तयारी दाखवली. ती म्हणाली, "मेल्यावर चौघं नेनारच हायत. आत्ताच नको." एरवी भाऊबीजेला तीच माहेरी जायची, त्या दिवाळीला भाऊ वर येऊन ओवाळून घेऊन गेला.

लांज्याला एक मिस्त्री आहे, जुन्या जीपचा जाणकार. त्याने येऊन पाहिलं आणि सांगितलं की या पेट्रोल इंजिनाचे भाग आता मिळायचे नाहीत, डिझेल इंजिन बसवू. याच जातीच्या जीपचं जुनं डिझेल इंजिन तो शोधणार होता, नंतर आरटीओत बदलाची नोंद करायची. शोधायला तीन-चार महिने लागतील म्हणाला. बायको हे ऐकून काहीच बोलली नाही. ती बोलली नाही की मला घाई सुटते, हा माझा जुना रोग आहे.

त्या घाईत मेहुणा भेटला. त्याने जुनी होडी मोडली होती आणि तिचं डिझेल इंजिन खोपटात ताडपत्रीखाली ठेवलं होतं. तो म्हणाला, "भावोजी, घरात इंजान आसताना भंगारात कशाला शोधताव?"

मला ते एकदम पटलं. पटायला कारणही होतं. त्यांच्या घरात होडीला नवं इंजिन बसवलं की नारळ घरच्या लेकीने वाढवायचा. या इंजिनाचा नारळ माझ्या बायकोने वाढवला होता. त्यावर त्या घराने पंधरा-वीस वर्षं मासळी आणली होती. आता तेच इंजिन तिला माहेरी नेणार, यापेक्षा चांगलं काय असायचं? मी फोन केला तर मिस्त्री म्हणाला, गुरुजी, होडीचं इंजिन जमिनीवर नको, आतलं पाणी बघा. मला वाटलं, त्याचं शोधायचं काम हातचं गेलं म्हणून बोलतोय. चाळीस वर्षं मुलांच्या चुका काढल्या की आपल्याकडून चूक होते हे माणूस विसरतो.

मग मी आखणीला बसलो. शाळेतून उरलेल्या आलेखाच्या वहीत जीपचं तोंड आतून मोजून काढलं. इंजिनाची उंची, रुंदी, पंख्याला किती जागा, तेलाची टाकी पुढच्या आसाला घासेल का, सगळं. मेहुण्याला कागद कळत नाही. त्यांच्यात होडी बांधताना आधी लाकडाचा फर्मा करतात आणि तो लावून बघतात. त्याने चिवाच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्यांचा आणि प्लायवुडचा इंजिनाएवढा फर्मा बांधून पाखाडीने डोक्यावर आणला. जीपमध्ये उतरवला तर चपखल बसला. माझी वही आणि त्याचा फर्मा यांत बोटभरही फरक नव्हता. आम्ही दोघं इतके खूश झालो की बायकोने दोनदा चहा केला.

इंजिन चालू करून पाहिलं ते मेहुण्याच्या अंगणात. विहिरीचं पाणी नळीने एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, होडीत समुद्राचं फिरतं तसं. पहिल्याच फटक्यात सुरू झालं. आवाज वर सड्यापर्यंत गेला. मी घरी पोचलो तर बायको काठी टेकून दारात उभी होती. म्हणाली, "आवाज वळाकला मी. आमचाच हाय."

फेब्रुवारीत मिस्त्रीने नाराजीनेच ते बसवलं. गिअरबॉक्सला जोडायला लेथवर जाड पाटा कापून घेतला, जास्तीचं वजन पेलायला पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांना एकेक पान वाढवलं, रेडिएटर लावला. हे सगळं वर, माझ्या अंगणात, कारण जीप खाली न्यायची कशी हाच तर प्रश्न होता. इंजिन दोन बांबूंना टांगून सहा माणसांनी वर आणलं होतं. सुरू झालं तेव्हा मी बायकोकडे बघितलं. तिने आत जाऊन केस विंचरले आणि चपला घातल्या.

निघण्याआधी जागेवरच चालवून पाहताना अर्ध्या तासाने रेडिएटरमधलं पाणी उतरलं. भरलं, परत उतरलं. जमिनीवर एक थेंब नाही. मिस्त्रीने इंजिन बंद करून तेल मोजायची पट्टी काढली आणि माझ्यापुढे धरली. काळं तेल असायला हवं तिथे दूध जास्त झालेल्या चहाचा रंग होता. पाणी इंजिनाच्या पोटात तेलाला मिळत होतं. इतकी वर्षं खारं पाणी आतून फिरलं आणि त्याने लोखंड खाल्लं होतं. होडीत ते पाणी एकीकडून येऊन दुसरीकडे निघून जातं, दाब असा नसतोच, म्हणून काही कळलं नाही. रेडिएटरचं झाकण लावून पाणी कोंडलं, ते तापलं, दाब आला, आणि जुनी भोकं उघडी पडली. मिस्त्री हे मला हळू आवाजात सांगत होता. मी सांगितलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, निदान मला त्याच्यावर चिडता आलं असतं. आम्ही ते इंजिन बाहेरून इंच न् इंच मोजलं होतं. आत काय चाललंय ते कुणीच विचारलं नव्हतं.

बायकोने चपला काढून परत कोपऱ्यात ठेवल्या.

ते इंजिन काढून टाकलं. जुनं पेट्रोल इंजिन आधीच भंगारात गेलेलं. जीपचं तोंड रिकामं झालं आणि मी रोज सकाळी जाऊन त्या भोकात बघत उभा राहायचो. हातात वही असायची. वहीत काय लिहायचं ते सुचत नव्हतं.

शिमगा आला. गावदेवीची पालखी बायकोच्या माहेरी येणार होती. गेल्या वर्षीपर्यंत देवीची ओटी तिनेच भरली होती. यंदा पालखीच्या आदल्या दिवशी मेहुणा वाडीतली दहा-बारा माणसं आणि होडी ओढायचा जाड दोर घेऊन वर आला. म्हणाला, "उताराला इंजान कशाला लागतं?"

खरंच होतं ते. जीपचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, इंजिनाशिवाय लागणारे. स्टिअरिंगही तसंच. मी चालवायला बसलो, बायको शेजारी, नव्या साडीत, मांडीवर मोठी पिशवी. मागे दोर धरून ती सगळी माणसं, होडी सोडताना घालतात तशी हाळी घालत. त्या वळणावर तिने डोळे मिटले नाहीत. खालून खाडी दिसली तेव्हा ती मोठ्याने हसली. असं हसताना मी तिला गणपतीनंतर पाहिलं नव्हतं.

पालखी आली, तिने ओटी भरली. दुपारी जेवणं झाली. मी अंगणात उभ्या जीपकडे बघितलं. परत वर जायचं कसं, याचा मी विचारच केला नव्हता. तीन महिने आखणी करणारा माणूस मी. दहा माणसं जीप उताराला धरून ठेवतील, चढाला ढकलतील कशी?

मी तिला सांगायला आत गेलो. ती पिशवी रिकामी करत होती. गुडघ्याची औषधं, मलम, चार साड्या, तिची गोधडी, चष्म्याची दुसरी जोडी. तिने विचार केला होता.

"तुमी सावकाश इंजान बगा," ती म्हणाली. "मी हितंच हाय."

त्याला आता बरेच महिने झाले. जीप मेहुण्याच्या माडाखाली आहे. बायको तिच्या बॉनेटवर मांदेली सुकवते. लांज्याचा मिस्त्री शोधतोय म्हणतो. मी रोज पाखाडीने खाली जेवायला जातो आणि एकटा वर येतो. सड्यावर वारा भरपूर आहे आणि माणूस दिसत नाही. परवा तिने मला विचारलं, तुम्हीच खाली का येत नाही? घराचं, कलमांचं काय, असं काहीतरी मी पुटपुटलो आणि म्हणालो, एकदा इंजिन बसू दे. तिने माझ्या ताटात आणखी एक मासा वाढला.

हल्ली वर येताना पाखाडीच्या मध्यावर माझा उजवा गुडघा दुखतो. मला तिथे बसावं लागतं. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही.