एकवीस दिवसांची मेथी

जल्दीबाई वाफ्यात बी टाकायची आणि उठता उठता वाकून बघायची, उगवलं का ते. ही थट्टा नव्हती. आपल्याला उशीर झालाय असं तिला खरंच वाटायचं.

मांजरसुंब्याला आमचं किराणा दुकान. पावसाळ्यात ती तिथे धान्य निवडायला यायची आणि मागच्या परसात भाज्या लावायची. दसरा झाला की नवरा-बायको ऊसतोडीला जायची. दोघांची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम तसाच हिशेब धरतो. जल्दीबाई हे नाव आप्पांनी, माझ्या वडिलांनी ठेवलेलं. मी तिला मावशी म्हणायचे.

परसात मेथी, मुळा, राजगिरा, एवढंच. मेथी तिसऱ्या दिवशी माती उचलायची आणि एकविसाव्या दिवशी आमच्या ताटात असायची. मी बीडला इंग्रजी शाळेत जायचे. घरी फार बोलत नसे, कारण माझ्या मराठीला कुणी ना कुणी हसायचंच. पण सकाळी बस यायच्या आधी मुळ्याचं पान पट्टीने मोजायचे. एका दिवसात ते नखभर वाढलेलं असायचं.

"पट्टी नगं लावू ताई," मावशी म्हणायची. "लाजून बसंल तुज्यावानी."

तेव्हा दुकानात बियाण्यांची चकचकीत पाकिटं नव्यानेच येऊ लागली होती. मागचं बारीक इंग्रजी वाचायचं काम माझं.

"रंगाचं नगं सांगू. दिस किती?"

"पंचावन्न."

"ठिव तिकडं. पंचावन्न दिस कुनी बघितलेत?"

"अगं, चार महिने तर इथं असतीस," आई म्हणायची. मावशीला ते पटायचं नाही.

का, ते तिने मला एकदाच सांगितलं, मुळे उपटता उपटता. उसाच्या फडावर पोचलं की राहायला पाचटाची कोपी उभी करायच्या आधी ती दाराशी मेथी फेकायची. भांडी घासलेलं पाणी तिथेच सांडायचं, मेथी जोरात यायची. पण फड संपला की कोपी हलायची. हाताला लागेल तेवढी कोवळी मेथी उपटून घ्यायची, बाकीची मागे.

"एका साली चार डाव पेरली. एकच डाव पुरी वाडलेली खाल्ली."

"आणि मागे राहिलेली?"

"मागनं येनाऱ्यानं खाल्ली आसंल. न्हाईतर बैलानं. पोटातच गेली की."

मग एका श्रावणात तिचा नवरा गेला. जोडी मोडली. दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक तिला न घेताच निघाला. त्याच सकाळी ती परसात आली आणि बारा दिवसांची मेथी तिने सगळी उपटून काढली.

"कावून उपटलीस गं? अजून चार पानं न्हाईत आली," आई म्हणाली.

मावशीने हातातल्या जुडीकडे बघितलं. "ट्रकचा आवाज आला अक्का. हात थांबलाच न्हाई."

तिने जुडी पायरीवर ठेवली. मग मला म्हणाली, "ताई, तुज्या पाकिटात सगळ्यात जास्ती दिसाचं काय हाय?"

मी सगळी पाकिटं उलटी करून वाचली. "लाल भोपळा. एकशे दहा दिवस."

"दे इकडं. आता कुटं जायाचंय मला."

भोपळ्याचा वेलही महिन्याभरात दुकानाच्या पत्र्यावर चढला. "ह्यो बी जल्दीच निगाला," ती तक्रार करायची. फळाने मात्र पुरता वेळ घेतला. माघात आम्ही ते उतरवलं. पहिली फोड आईने तिच्या ताटात वाढली. मावशी नुसती बघत राहिली. "लई गोड हाय," असं ती म्हणाली, तेव्हा तिने अजून तोंडात घातलं नव्हतं.

पुढच्या वर्षी कॉम्प्युटरच्या कोर्ससाठी मी पुण्याला निघाले. बसपाशी मावशीने माझ्या मुठीत मेथीच्या बियांची कागदी पुडी कोंबली. "खोलीवर गेलीस की आदी ही फेक. मग पेटी सोड."

दोन वर्षांत मी तीन खोल्या बदलल्या आणि प्रत्येक ठिकाणी घमेल्यात माती भरून तसंच केलं. दुसरी खोली सोडायची वेळ आली तेव्हा घमेल्यातली मेथी अठरा दिवसांची होती. माझा हात तिच्याकडे गेला आणि थांबला. माझ्या जागी येणारी मुलगी सामान घेऊन दारात उभी होती. अनोळखी माणसाशी मी सहसा आपणहून बोलत नाही.

"अजून तीन दिवस पाणी घाला," मी तिला म्हटलं, "आणि मग खुडा."